तिसरी पट्टी

पट्टीला गोट लावायचा तेवढा राहिला होता. सोमवारी सकाळी मी टेबल रिकामं केलं, खुणांचा कागद काढला आणि कापडावर ठेवला. खुणा जुळेनात. कागद जरा वर सरकवला, मग खाली सरकवला. शेवटी वाटलं, कागदच उलटा ठेवला असेल, म्हणून तो पालथा केला. सगळ्या खुणा नेमक्या जुळल्या.

कागद पालथा करून जुळल्या, म्हणजे माझं कापडच उलटं झालं होतं.

आमच्या बुधवारच्या गटात नऊजणी. खरं सांगायचं तर आठजणी आणि मी. मी वर्षभराची पाहुणी होते आणि वर्ष संपत आलं होतं. हा गट पलंगावर घालायच्या गोधड्या शिवत नाही. भिंतीवर चित्र टांगावं तशा गोधड्या इथे होतात. कोणी गंजलेले खिळे गुंडाळून कापडावर डाग पाडतं, कोणी संत्र्यांच्या जाळीदार पिशव्या शिवून टाकतं. या वर्षी आम्ही नदीवरच्या कमानीच्या पुलाचा मोठा फोटो घेतला आणि त्याच्या नऊ उभ्या पट्ट्या कापल्या. एकेकीला एकेक पट्टी. घरी नेऊन आपल्या कापडात, आपल्या पद्धतीने करायची, आणि टांगायच्या दिवसापर्यंत कोणालाही दाखवायची नाही. सोबत एक खुणांचा कागद मिळतो. पुलाची रेघ पट्टीत डावीकडून कुठे शिरते आणि उजवीकडून कुठे बाहेर पडते, तेवढंच त्यावर असतं.

गट चालवणाऱ्या टानी हेस्टर पंच्याहत्तरीच्या आहेत. टानी म्हणजे मावशी, सगळ्याजणी त्यांना तसंच म्हणतात. पट्ट्या वाटताना त्या म्हणाल्या होत्या, "कापड काय वाटेल ते घ्या. रेघ जुळली पाहिजे. आणि फोटो बघून फोटो करू नका. आकार उतरवून घेतले की फोटो पाकिटात."

मी फोटो पाकिटात घातला. माझी तिसरी पट्टी. तिच्यात कमान डावीकडून खालून येते आणि उजवीकडे वर चढत जाते. मी तपकिरी श्वेश्वेची कमान केली आणि निळ्या श्वेश्वेची नदी. श्वेश्वे म्हणजे बारीक नक्षी छापलेलं सुती कापड, आमच्या बायका लग्नाकार्याला त्याचेच कपडे शिवतात. आकार चिकटकागदावर काढायचे, कागद कापडाच्या मागे इस्त्रीने चिकटवायचा, मग कापायचं. मागच्या बाजूने काढलेलं पुढे आलं की उलटं होतं, म्हणून चित्र पालथं धरून काढायचं असतं. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी चित्र सरळ धरून काढलं. तीन महिने त्यावर धावदोरा घालत बसले आणि मला कळलं नाही, कारण शेजारची पट्टी नसेल तर चढती कमान काय आणि उतरती काय, दोन्ही पूलच दिसतात.

मी पट्टी डोक्यावर उभी केली. आडवी केली. पुन्हा उभी केली. चौतीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना लिहायला शिकवलं. बीच्या जागी डी लिहिणारी मुलं दरवर्षी चार-पाच तरी असायची. ती पाटी अशीच फिरवून बघायची, आणि मी शेजारी बसून सांगायची, फिरवून नाही सुधरत रे, पुन्हा लिहायला लागतं. मी कधी लाल पेन वापरलं नाही. पण ती मुलं सहा वर्षांची होती आणि मी त्रेसष्ट वर्षांची.

मी अंगण झाडलं. सकाळीच झाडलेलं होतं. चहा ठेवला आणि प्यायला विसरले. कात्री घेऊन कमानीचं एक टोक उसवायला बसले. टाके निघाले, पण चिकटवलेलं कापड निघेना. जोर केला तर खालची नदी फाटायला लागली. टोक तसंच लोंबतं ठेवून मी पुन्हा अंगणात गेले.

चर्चच्या महिला संघात मी सव्वीस वर्षं आहे. गुरुवारच्या सभेला संघाचं लाल जॅकेट आणि पांढरी टोपी घातली की मी कोण, मला काय येतं, हे कोणी विचारत नाही. मी आहेच. अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळातही तसंच. या गटात मात्र मला कोणी नेलं नव्हतं, आणि पुलापलीकडच्या काळ्यांच्या वस्तीतली इथे मी एकटीच. निवृत्त झाल्यावर वाचनालयात त्यांची एक गोधडी पाहिली, तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले आणि स्वतःहून विचारलं, मी येऊ का? इथे माझ्या अंगावर जॅकेट नव्हतं. माझ्याकडे फक्त ही पट्टी होती. बुधवारी पट्ट्या टांगल्या की त्याच बैठकीत पाहुणीला कायमचं घ्यायचं की नाही ते ठरतं.

मंगळवारी पूल ओलांडून रुवायदाच्या दुकानात गेले. रुवायदा जापी गटातलीच. चाळिशीची, गावात सुई-दोरा तिच्याकडेच मिळतो, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"दीड मीटर चिकटकागद दे," मी म्हटलं.

तिने कागद मोजायला घेतला आणि थांबली. "माबेले, उद्या टांगायचंय." माबेले हे माझ्या कुळावरून आलेलं नाव; गटात बाकी सगळ्या मला झोलेका म्हणतात. तिला ते मीच शिकवलं होतं आणि ती ते गोड म्हणते.

"माहीत आहे."

"उद्या टांगायचंय आणि आज चिकटकागद. जळली काय इस्त्रीने?"

"जळली नाही."

"उंदरांनी खाल्ली?"

"रुवायदा, कागद मोज."

तिने कागद गुंडाळून दिला, पण हातातून सोडला नाही. "गेल्या वेळी माझी पट्टी दोन बोटं आखूड झाली होती. टानींना फोन केला, म्हटलं ताप आलाय. टांगणं आठवडाभर पुढे ढकललं त्यांनी. मी काय म्हणतेय, तुमचा आवाज आजच जरा बसल्यासारखा वाटतोय."

"मला ताप नाही."

"यायला किती वेळ लागतो?"

मी हसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. टॅक्सीत दोनदा फोन हातात घेतला. घरी नवीन आकार काढले, या वेळी पालथे. कमान कापली. मग घड्याळाकडे पाहिलं आणि कळलं की तीन महिन्यांचा धावदोरा एका संध्याकाळी होणार नाही. नुसतं चिकटवलेलं कापड नेलं तर ते पोस्टरसारखं दिसेल. मी लोंबतं टोक पुन्हा टाके घालून बसवलं आणि गोट लावला. ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं, बाकीच्यांनी काही बघायच्या आत.

बुधवारी चर्चच्या सभागृहात पोहोचले तेव्हा त्यांनी दांडी लावून टांगायला सुरुवातही केली होती. पहिली आणि दुसरी पट्टी वर गेली होती. माझ्या हातातली गुंडाळी फिलिपाने घेतली. फिलिपा निवृत्त औषधविक्रेती आहे, शिडीवर चढायचं काम तिचं असतं.

"टानी हेस्टर, आधी मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सगळ्यांनाच सांगायचं असतं. नंतर." त्यांनी माझ्याकडे न बघताच बोट ओठांवर ठेवलं. आमचा नियमच तसा आहे. पट्टी जिची, ती सगळ्यात शेवटी बोलते. बाकीच्यांना काय दिसतं ते तिने आधी गुपचूप ऐकायचं. एरवी मला हा नियम फार आवडतो. वर्गातही असा नियम हवा होता असं वाटायचं.

नऊही पट्ट्या टांगून झाल्या. आम्ही मागे सरकून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

पूल पहिल्या पट्टीतून निघाला, दुसरीत वळला, आणि तिसरीत एकदम वरून खाली आला. चौथीत तो पुन्हा वर होता, जिथे असायला हवा तिथे. माझी पट्टी मध्येच पडलेल्या दातासारखी दिसत होती. मी तळहात स्कर्टला पुसले.

"हं," फिलिपा म्हणाली.

"बोल ना," टानी म्हणाल्या.

"मला वाटतं, हे धाडस आहे. आपण सगळ्यांनी पूल जोडलेला दाखवला. झोलेकाने तो तुटलेला दाखवलाय. नदीच्या पलीकडे वस्ती, अलीकडे गाव. पूल आहे, पण..." ती थांबली. "मला जरा लाज वाटली, खरं सांगते."

आणखी एकजण म्हणाली, कापड श्वेश्वेच घेतलंय याकडेही लक्ष द्या. दुसरी म्हणाली, ते उसवून पुन्हा शिवलेलं टोक बघा, जखमेसारखं दिसतं. मी रुवायदाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती आणि ओठ आत दाबून धरले होते.

सगळ्यात जास्त वेळ टानी हेस्टर बोलल्या. त्या सहसा कोणाची स्तुती करत नाहीत. म्हणाल्या, "तीस वर्षं मी हा गट चालवते. या गावाबद्दल इतकं सरळ आपल्यापैकी कोणी बोललं नव्हतं. मी रेघ जुळवा म्हणाले होते. झोलेकाने विचारलं, कुठली रेघ?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी वाचनालयातल्या प्रदर्शनात लोक याच पट्टीसमोर थांबतील. आता तू बोल, झोलेका."

मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आठजणी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधीच होकार होता. बाहेर जाऊन अंगण झाडावं असं वाटलं.

"मी चित्र पालथं धरायला विसरले," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चिकटकागदावर. सरळ धरून काढलं, उलटं झालं. सोमवारी कळलं. टोक उसवलं ते कमान काढायला, निघाली नाही म्हणून परत शिवलं. जखमबिखम काही नाही."

रुवायदाच्या तोंडून आवाज निघाला आणि तिने तो खोकल्यात दडवला. टानींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मला त्यांचं वाईट वाटलं, पण बोलायला सुरुवात केली होती.

"टानी, रागावू नका. एक विचारते. हीच पट्टी तुमची असती तर रुवायदा काय म्हणाली असती?"

"मी?" रुवायदा म्हणाली. "म्हटलं असतं, टानी, चष्मा बदला."

"आणि माझी आहे म्हणून ती दुःखाची झाली."

फिलिपाने शिडीला हात टेकला. मला वाटलं, झालं, आता गुंडाळी घ्यायची आणि निघायचं.

"चूक असो नाहीतर काही," टानी शेवटी म्हणाल्या, "चांगली दिसतेय. राहू दे. अशा चुका आपण ठेवतो."

"नको."

"झोलेका, मी सांगते, त्याने गोधडीला..."

"नको, टानी. चौतीस वर्षं मी त्या पुलावरून रोज शाळेत गेले. पावसात गेले, वाऱ्यात गेले. तो कधी तुटला नाही. गावात काय तुटलंय ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि सांगायचं असेल तेव्हा मी ठरवून सांगीन, चुकून नाही. माझी पट्टी खाली काढा."

"शनिवारी प्रदर्शन आहे."

"तोवर दुसरी करीन."

"दोन दिवसांत? तुझा हात किती सावकाश चालतो ते मला माहीत आहे."

"म्हणून तुम्ही मदत कराल."

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. वर्षभरात मी त्यांच्याकडे एक सुईसुद्धा मागितली नव्हती.

"टानी," रुवायदा म्हणाली, "पाहुणी अशी भांडत नसते. हिचं नाव लिहून टाका आणि मोकळ्या व्हा."

टानी हेस्टरनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही. "लिहिते. पण माझं मत बदललेलं नाही. ही पट्टी चांगली आहे आणि तू हट्टी आहेस."

"दोन्ही असू दे," मी म्हटलं.

मग टेबलं जोडली. टानींनी आपल्या पेटीतून तपकिरी श्वेश्वे काढलं, माझ्यापेक्षा गडद होतं. रुवायदा नदीच्या लाटा शिवायला दोरा निवडत बसली आणि निवडता निवडता मला तापाबद्दल टोमणे मारत होती. फिलिपाने माझ्या पाकिटातलं फोटोचं चित्र खिडकीच्या काचेवर धरलं म्हणजे मागून उजेड येईल, आणि मी त्यावर चिकटकागद ठेवून पेन्सिल उचलली. घरी कापलेली कमान पर्समध्येच होती, पण ती धड कापलेली आहे की नाही याची मला आता खात्री वाटत नव्हती.

"पालथं धरलंय ना?" टानी माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

"हो."

"नक्की?"

"हो, टानी."

रेघ ओढायच्या आधी मी चिकटकागद बाजूला केला आणि चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं.