मिस्त्रींच्या घरचा फ्रिज

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा फ्रिज कधी मरत नाही, हे मिस्त्रींचं लाडकं वाक्य. गिऱ्हाइकाच्या घरी पाने-पक्कड पसरून बसले की ते हमखास ऐकवायचे. "माझा सव्वीस वर्षांचा आहे. बर्फ असा धरतो की हातोडी घ्यावी लागते!"

खोटं काहीच नव्हतं त्यात. नऊ वर्षांपूर्वी त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, तेव्हा मिस्त्रींनी काय करावं? एक दुकान बंद पडलं होतं, तिथल्या थंड बाटल्यांच्या भल्यामोठ्या कपाटाचा कॉम्प्रेसर भंगारात निघाला होता. तो उचलून आणला आणि घरच्या फ्रिजला जोडला. दुप्पट ताकदीचा, आणि तोही फुकट! आठ दिवस गडी नुसता हवेत होता. आता फुकटात हत्ती मिळाला तरी त्याला चारा लागतोच, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याला धंद्यातलं सगळं कळतं, त्याला हे कोण सांगणार?

चाऱ्याचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला यायचं. ते आलं की मिस्त्रींचं डोकं फिरायचं आणि सगळा राग घरातल्या दिव्यांवर निघायचा. माणूस तिथे दिवा, बाकी अंधार, हा घरातला कायदा. त्यातही काटकसर अशी की बोळातला एकच दिवा स्वयंपाकघराला आणि बाहेरच्या खोलीला दोन्हीकडे पुरवायचा. बायकोचं शिवणयंत्रही त्याच बोळात. तिची पाठ दिव्याकडे, त्यामुळे तिची स्वतःचीच सावली नेमकी सुईवर पडायची. यंत्र फिरवून ठेवावं तर पायडल भिंतीला अडायचं. वेगळा दिवा मागितला की उत्तर तयार, "बिल बघितलंस का?"

बाई तीस वर्षं शिवत होती. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सैल कपडे घट्ट करणं, घट्ट कपडे सैल करणं. आळीत तिच्या हाताला नाव होतं. आणि एके दिवशी एक गिऱ्हाईक काळी विजार परत घेऊन आलं. काळ्या कापडावर निळ्या दोऱ्याची शिवण, तीही वाकडी. दारात चार जणी उभ्या असताना त्याने ती उलटून दाखवली. बाईने पैसे परत केले, दार लावलं आणि सरळ सांगून टाकलं, "झालं. डोळे गेले माझे. मशीन विकून टाकते."

मिस्त्रींना वाटलं, रागात बोलते आहे, उद्या विसरेल. कसचं काय! दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतली शिवण शिकणारी एक मुलगी यंत्र बघून गेली. किंमत ठरली, रविवारी सकाळी घेऊन जाणार. तेव्हा मात्र मिस्त्री हबकले. लग्न झाल्यापासून हे घर त्या यंत्राच्या खडखडाटात नांदत होतं. रागीट माणूस, पण बायकोवर जीव होता त्याचा. ती नुसती हात बांधून बसली आहे हे चित्र काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

सून विजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात सासूचं दुखणं-खुपणं तीच बघायची. ती म्हणाली, "बाबा, चष्मेवाल्याने काय सांगितलं होतं आठवतंय का? नंबर बरोबर आहे, उजेडात काम करा. आईंना टेबलावरचा दिवा आणू या."

"आणि बिल तुझा चष्मेवाला भरणार?"

"बिल नक्की कोण खातं ते एकदा मोजू तरी!"

तिने दुकानातून एक छोटा मीटर आणला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो लावायचा, त्यात आपली वस्तू लावायची. दिवसभरात त्या वस्तूने किती युनिट खाल्ले ते आकड्यात दिसतं. मिस्त्री म्हणाले, होऊन जाऊ दे. त्यांची खात्री होती की चोर इस्त्री आहे, नाहीतर टीव्ही, नाहीतर हिचा रोजचा दिवा. सोमवारी टीव्ही मोजला, मंगळवारी कपडे धुण्याचं मशीन, बुधवारी इस्त्री. सगळ्या गरीब गाई निघाल्या. गुरुवारी बोळातला दिवा, वायरीला पिन लावून. दोन वर्षांपूर्वी सुनेनेच तिथे कमी वीज घेणारा लावला होता. तो संध्याकाळभर जळूनही आकडा धड हलेना.

"फ्रिज राहिला," सून म्हणाली.

"त्याला कशाला मोजायचं? तो घरचाच आहे."

"बाबा, टीव्ही काय शेजाऱ्यांचा होता?"

शुक्रवारी सकाळी फ्रिज लावला. शनिवारी सकाळी मीटरवर पाच युनिट आणि वर काही. मिस्त्री म्हणाले, मीटर बिघडलेला आहे. सुनेने दुसरा आणला. तोही तेच बोलायला लागला. मग मात्र ते उठले, पेटीतून स्वतःचा चिमट्याचा मीटर काढला आणि फ्रिजच्या मागे वाकले. तारेभोवती चिमटा धरला. आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फ्रिजमागे बसून त्यांनी हा आकडा बघितला होता आणि मान हलवून सांगितलं होतं, "साहेब, हा फार ओढतोय." घरचा फ्रिज त्यांनी थंडपणावरून तपासला होता. गार करतो ना, मग ठणठणीत आहे!

सुनेने हिशेब तोंडीच केला. "आईंचा दिवा महिनाभर जाळला तर एक युनिट. आपला फ्रिज एका दिवसात पाच खातो. दुकानातला नवा, कमी विजेचा, दीड-दोन दिवसांत एक."

म्हणजे फ्रिजच्या एका दिवसात बायकोचे पाच महिने. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा! हे बायकोला सांगायला हवं होतं. दिवसभरात चार वेळा मिस्त्री तिच्यापाशी गेले आणि चारही वेळा पाणी पिऊन परत आले.

रविवारी ती मुलगी टेम्पोवाल्याला घेऊन दारात हजर. बायकोने यंत्र पुसून, तेल घालून ठेवलं होतं. टेम्पोवाल्याने हात लावला तसे मिस्त्री ओरडले, "थांब! मशीन विकायचं नाही."

बायको चमकली. "अहो, मशीन माझं. विकायचं की नाही ते तुम्ही कोण ठरवणार?"

"बरोबर आहे. तुझंच आहे. पण आधी माझं ऐकून घे, मग काय ते कर." आणि त्या परक्या मुलीसमोर, टेम्पोवाल्यासमोर, मिस्त्रींनी सगळं सांगितलं. कॉम्प्रेसर, पाच युनिट, एक युनिट. "तुझे डोळे गेलेले नाहीत. मी तुला अंधारात बसवलं. चूक माझी आहे, आणि माझा धंदाच हा असल्यामुळे तिला माफीही नाही."

बायको फ्रिजकडे वळली. मग एकदम हसलीच. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते हेच!" हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि त्या मुलीला म्हणाली, "बाळ, माफ कर. मशीन देत नाही मी." मुलगी बिचारी हिरमुसली. टेम्पोवाल्याचं येण्याजाण्याचं भाडं मिस्त्रींनी दिलं, तेही घासाघीस न करता.

बुधवारी नवा फ्रिज आला. जुना गच्चीत ठेवू, नुसता पाण्याच्या बाटल्यांसाठी, असं मिस्त्री हळूच म्हणून बघत होते. सासू-सुना दोघी एकदमच "नाही" म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची वायर कापली, दार काढलं आणि भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायला खांदा दिला. पुढच्या महिन्याचं बिल निम्म्याहून खाली आलं, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचाराल.

त्याच बुधवारी संध्याकाळी सुनेने यंत्राशेजारी वाकवता येणारा दिवा लावला. उजेड थेट सुईवर. बाईने पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि जेवणवेळेपर्यंत तीन गणवेश हातावेगळे केले. मिस्त्री मध्येमध्ये बोळात चक्कर टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तर बायको स्वयंपाकघरात होती. त्यांना नवल वाटलं. गेली दोन वर्षं ती रोज सकाळी उजाडल्या उजाडल्या खिडकीत जाऊन बसायची, मांडीवर कपडे घेऊन, चांगली तासभर. सकाळचं ऊन तिला आवडतं, असं मिस्त्री धरून चालले होते.

"आज खिडकीत नाही बसलीस ती?"

"कशाला बसू? आज उसवायला काही नाही."

"उसवायला?"

"मग काय तर! संध्याकाळी वाकडं शिवलेलं सकाळी उजेडात दिसायचं. ते उसवायचं, पुन्हा शिवायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. ती काळी विजार तेवढी नजरेतून सुटली."

"दोन वर्षं? रोज?"

"जवळजवळ रोज."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का?"

बायकोने गॅस बारीक केला आणि शांतपणे त्यांच्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मिस्त्रींना ते चांगलंच माहीत होतं. 'मग सकाळीच शिवत जा की, तेवढाच दिवा वाचेल.' हेच म्हणाले असते ते. अगदी ह्याच शब्दांत.