पुडीची घडी

निरीक्षकांनी झोपेच्या औषधाची पुडी काट्यावर ठेवली आणि श्वास रोखला. श्वासानं काटा हलतो, हे त्यांनी चौतीस वर्षं दुकानदारांना ऐकवलं होतं.

"कागदाचं वजन वजा केलं, तर औषध निम्मंच. मापात पाप, सूनबाई."

सून सात खणांच्या डबीत आठवड्याच्या पुड्या भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"डॉक्टरांनीच निम्मं केलंय, बाबा. हळूहळू कमी करायचंय, एकदम बंद नाही. न्हाणीघरात पडला होतात, आठवतंय?"

"नाही."

"म्हणूनच."

तिनं डॉक्टरांचा कागद पुढे केला. पहिला महिना पाऊण, दुसरा अर्धा, पुढचं तपासून. खाली निरीक्षकांची सही होती. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. शेपटीला हेलकावा, खाली दोन टिंबं. खोटी म्हणायला जागा नव्हती.

"सही केलीत आणि तिथेच खुर्चीत झोपलात," सून म्हणाली.

वजनमापं खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, औषध सुरू होऊनही नऊ. तेवढ्या काळात त्यांनी कुणावर संशय घेतला नव्हता. त्याला जागं असावं लागतं. गेल्या महिन्यापासून मात्र त्यांनी पाव तोलला होता, दूध मापलं होतं आणि शेजाऱ्यांच्या घड्याळाला तीन मिनिटं पुढे असल्याबद्दल तोंडी समज दिली होती. जिनेही ते आता कठडा न धरता उतरत. त्याची नोंद कुणी घेतली नव्हती.

अब्रू राखायला त्यांनी उरलेल्या पुड्या तोलायला घेतल्या. पाचवीला काटा खाली बसला.

"ही दुप्पट."

सुनेचा हात थांबला. "तरीच! पुड्या कमी पडतायत. मला वाटलं, औषधवाला कमी देतो."

निरीक्षकांनी पुडी उलटीसुलटी केली. औषधवाला तीन घड्या घालायचा. हिला चार होत्या, कोपरा आत खोचलेला. असा कोपरा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. त्यांच्या डब्यातली पोळी रोज अशाच कागदात असायची.

खिडकीशी बायको बटण शिवत होती. दोरा तोडायला तिला बराच वेळ लागला.

"सूनबाई, तू चहाचं बघ," निरीक्षक म्हणाले.

सून गेली. ते खुर्ची ओढून बायकोसमोर बसले.

"मी परत पडलो असतो."

"हो." तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "दोन पुड्यांची एक, असं दोनदाच केलं. तिसऱ्यांदा हात धजत नव्हता, तरी पुडी बांधली."

"का पण?"

"नऊ वर्षं दुपारी इथे बसून मी तुम्हाला सगळं सांगायचे. तुम्ही हं हं करायचात. आता वाक्य पुरं व्हायच्या आत चूक काढता."

निरीक्षकांनी दुप्पट पुडी उलगडली, काट्यावर दोन सारखे भाग केले आणि तीन-तीन घड्या घालून त्यांच्या दोन पुड्या बांधल्या.

"काय काय सांगायचीस?"

"आता कसं सांगू? नऊ वर्षांचं आहे."

"पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

बायकोनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग उठली, काटा उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून परत येऊन बसली.