स्विच आहे ना!

नेटवर्कवालीने आपल्या लॅपटॉपची वायर भिंतीतल्या नेटवर्कच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खुपसली आणि दहा मिनिटांनी मान वर केली.

"साहेब, आता तुमच्या मशिनवरून ह्या शेजारी बसलेल्या उपप्रमुखांना काहीही पाठवा."

परीक्षा विभागाच्या साहेबांनी जांभई दिली. फुटलेली प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून फक्त म्हाताऱ्या कारकुनाच्या मशिनवर गेली होती. म्हणजे ती त्यानेच फोडली, इतकं सरळ गणित. निवृत्तीला चार महिने उरलेला तो माणूस कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आज सही झाली की निलंबन.

"अहो, स्विच आहे ना आपल्याकडे! ज्याचा निरोप त्यालाच जातो."

कचेरीतली सगळी मशिनं जोडणाऱ्या स्विच नावाच्या डब्याबद्दलचं हे वाक्य साहेबांनी कधीतरी एका विक्रेत्याकडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून स्वतःच्या अकलेचं म्हणून मिरवत होते. प्रत्यक्षात 'तो पत्ता माझाच' असं कोणत्याही मशिनने खोटं सांगावं आणि बाकीच्यांनी निमूट विश्वास ठेवावा, असा सगळा कारभार. हे रोखायची सोय त्याच स्विचमध्ये होती. ती चालू करू द्या, असा अर्ज नेटवर्कवालीने दोनदा केला होता. दोन्हींवर साहेबांचा शेरा होता, 'अनावश्यक'. अक्षर मात्र सुरेख.

साहेबांनी दोन बोटांनी टंकून निरोप पाठवला. तिने तो आपल्या पडद्यावरून मोठ्याने वाचला.

"'या बाईचं नाटक संपलं की म्हाताऱ्याचा कागद सहीला आणा.'"

उपप्रमुखांना खोकला आला.

"तुमच्या मशिनला मी सांगितलं, उपप्रमुख मीच. त्याने ऐकलं," ती म्हणाली. "ह्या कारकूनकाकांना पाठवलेला पेपरही असाच कुणीतरी वाटेत वाचला असेल. त्यांच्यावर आळ घेता येणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. पण असल्या माणसांचे चेहरे फार वेळ उतरलेले राहत नाहीत.

"असं होय," ते सावकाश म्हणाले. "आणि आपल्या कचेरीत ही कला कुणाकुणाला येते?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने काकांकडे पाहिलं. निदान ते तरी तोंड उघडतील.

काकांनी उघडलं.

"गेल्या सोमवारी ह्या बाई माझ्या टेबलाखाली वाकून काहीतरी करत होत्या, साहेब. मला तेव्हाच शंका आली होती."

वायर सैल झाल्याची तक्रार काकांनीच केली होती.