कललेला खांब

गवंड्याने खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. दोरी वर टेकली, खाली चार बोटं लांब राहिली. बारा वर्षांपूर्वी चर्चचा हा पडलेला खांब त्यानेच पुन्हा उभा केला होता. धाकटा भाऊ चर्च दाखवायच्या कामाला लागायच्या आत आपलं काम लोकांच्या डोळ्यांत भरावं, म्हणून घाई केली आणि घात झाला. हा खांब पाडून सरळ बांधायचा, असं आज त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

तेवढ्यात धाकटा पाहुण्यांचा घोळका घेऊन आलाच. छत म्हणजे उपडी नाव, सगळ्यांना पैलतीरी नेणारी. बारा खांब म्हणजे बारा शिष्य. असं सांगत स्वारी कललेल्या खांबापाशी थांबली. हा शंका घेणारा शिष्य, तो म्हणाला, म्हणून एकटाच तिरका उभा आहे. झालं! जो तो त्याच खांबाचा फोटो काढू लागला.

गवंड्याच्या पोटात दुखलं. जन्मभर हेच. दगड याने फोडायचे आणि वाहवा त्याची. आईलासुद्धा धाकट्याच्याच बोलण्याचं कौतुक, याच्या हातांचे घट्टे कुणी पाहिले नाहीत. आता तर याची चूकही त्याने पळवली होती.

तो तडक फादरांच्या खोलीत गेला. शिष्यबिष्य सगळं थोतांड आहे, चूक माझी आहे, खांब पाडू द्या, म्हणाला.

फादर चष्मा पुसत म्हणाले,

"चूक तेव्हाच दिसली होती. तुला पुन्हा इथे काम द्यायचं नाही, असं समितीचं ठरत आलं होतं."

"मग?"

"तुझ्या भावाने हा शिष्य काढला. लोक मुद्दाम तोच खांब बघायला यायला लागले. मग कोण कशाला बोलतंय? हे तुझ्यासाठी केलं, ते तुला मात्र सांगू नका म्हणाला."

गवंडी बाहेर आला. पाहुणे गेले होते. त्याच्या हातातला ओळंबा बघून धाकट्याचा चेहरा उतरला.

"दादा, पाडणार?"

गवंडी दोरी गुंडाळत बसला.

"शंकाबिंका नव्हती रे त्याच्या मनात," तो शेवटी म्हणाला. "जळत होता तो. तुझ्यावर."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "पण पाहुण्यांना ते कसं सांगणार?"