राखणदाराची झोप

सेजलच्या पोटात तिच्या आज्जीची किडनी होती आणि ती सांभाळायचं काम तिच्या आईचं, रेश्माचं. सकाळी आठ, रात्री आठ. मोबाईल वाजला की गोळी, गोळी गिळली की वहीत खूण. अकरा महिन्यांत एक खूण चुकली नव्हती. सर्वण गावातल्या बायका हसायच्या, "पोरीला शिंक आली तरी ही वहीत लिहिते!"

ऑपरेशनआधी सासूला, गंगाबाईंना, समजावताना रेश्माने आपली बीएस्सी पणाला लावली होती. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिवेवरचा राखणदार, आई. परकं कुणी आत आलं की धरतो. तुमची किडनी त्याला परकीच. म्हणून गोळी देऊन त्याला निजवून ठेवायचं."

"माझी किडनी माझ्या नातीक परकी?" गंगाबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण राखणदाराक निजवन कसा चालतला गो? घर कोण राखतला?"

"मी राखीन."

विषय तिथेच संपला, असं रेश्माला वाटलं.

मग एका तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं; किडनी नीट गाळत नव्हती. पणजीच्या इस्पितळात सुई घालून किडनीचा कण काढला, तपासला. पेशींनी हल्ला केला होता.

"गोळ्या चुकल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रेश्माने वही पुढे केली.

"घरगुती काढा वगैरे?"

"छे! मी जवळपाससुद्धा येऊ देत नाही."

तीन दिवस सलाइनमधून जबर इंजेक्शनं चालली. दुसऱ्या दिवशी केस विंचरून घेताना सेजल म्हणाली, "आज्जी इथे नाही, मग राखणदाराला कोण देणार?"

"काय देणार?"

"गुळवेलीचं कडू पाणी. मला सर्दी झालेली ना, तेव्हापासून देते. तो निजला म्हणून त्याला उपाशी ठेवायचं नसतं, म्हणते. तुला सांगायचं नाही. तू वहीत लिहिशील."

कंगवा केसांतच राहिला.

रेश्माने धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानेच झालं असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही हिला चालत नाही. हिची ती दबलेलीच राहायला हवी."

इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. आता पुन्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

सेजलला घेऊन घरी परतताना, डिचोलीपर्यंतच्या बसमध्ये, रेश्माने सासूला सुनावायचं वाक्य न् वाक्य मनात लावून ठेवलं. राखणदाराची गोष्ट आपणच सांगितली होती, हेही मध्ये मध्ये टोचत होतं.

गंगाबाई सोप्यावर वाट बघत बसल्या होत्या. एक हात कुशीवर, व्रणावर. बसल्या की तो आपोआप तिथे जायचा.

"बरी हा मा गो ती? माझी?"

रेश्माने त्या हाताकडे पाहिलं आणि लावून ठेवलेलं सगळं बाजूला सारलं.

"किडनी गेली, आई. चूक माझी. मधे चार दिवस गोळ्या राहिल्या. वहीत नुसत्याच खुणा केल्या."

सेजलने मान वर केली. रेश्माने तिचा हात घट्ट दाबला.

"शिकलेली गो तू!" गंगाबाईंचा आवाज चिरकला. "माझ्या आंगाचो तुकडो काढून दिलंय, आणि तुका येळार गोळी दिवक जमली नाय?"

"नाही जमली."

"मी गुळवेलीचो काढो दी होतंय, म्हणान इतके दिस तरी टिकली!"

रेश्माने डोळे मिटले. "यापुढे काढा नको, आई. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

त्याच दुपारी तिने परसातल्या काजूवर चढलेली वेल मुळापासून ओढून काढली. मागून गंगाबाई म्हणाल्या, "काढ, आता झाडार राग काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा अंगणात सेजलची चादर वाळत घालत होती. अजून काही दिवस गोळी चालूच राहायची होती, कमी कमी करत. मोबाईल वाजायच्या आधीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "रेश्मा, आठ वाजले गो. आज तरी इसरू नको."

"आले, आई," रेश्मा म्हणाली आणि वही घ्यायला आत गेली.