पहिल्या प्रश्नाला ‘नाही’

प्रिंटरने तिसऱ्यांदा कागद गिळला, तेव्हा तिने झाकण उघडून आत हात घातला आणि चुरगळलेलं पान तुकड्यातुकड्यांनी ओढून काढलं. पान बत्तीस. ‘ॲपवरून घरपोच सामान पोचवणाऱ्यांची स्थिती : निष्कर्ष’. निष्कर्षाचा अर्धा भाग अजून आतच होता.

“झाला का अहवाल?” सरांनी दारातूनच विचारलं. ते संस्थेचे संचालक. गेला आठवडाभर त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

“चारपर्यंत पाठवते.”

“आकडे छान आलेत. शंभरातले ब्याऐंशी म्हणतात, काम ठीक आहे. पाठवून टाका आणि दोन दिवस नुसत्या झोपा काढा.”

तिला झोप हवीच होती. एकाच वेळी दोन अभ्यास तिच्या गळ्यात पडले होते. एक हा, सामान पोचवणाऱ्यांचा. दुसरा, स्वयंसेवक बिनपगारी काम का करतात याचा. फोन करायला संस्थेकडे माणसं नव्हती, म्हणून दुसऱ्या अभ्यासातल्या स्वयंसेवकांना पहिल्या अभ्यासाचे फोन करायला बसवलं होतं. सरांना ही युक्ती फार आवडली होती. काम फुकटात होत होतं, आणि फुकट काम करणाऱ्यांवर अहवालही.

प्रश्नावली मात्र तिने जीव ओतून बांधली होती. एकतीस प्रश्न. त्यातला पहिला चाळणीचा : गेल्या सात दिवसांत तुम्ही ॲपवरून काम घेतलं का? ‘हो’ म्हटलं तर पुढचे तीस. ‘नाही’ म्हटलं तर ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. जो काम करतो त्यालाच कामाबद्दल विचारायचं, यात वावगं काय?

चाचणीसाठी म्हणून यादीत सगळ्यात वर तिने धाकट्या भावाचा नंबर घातला होता, कुणालाही न सांगता. त्यालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो पाठीवर चौकोनी पिशवी लावून स्कूटर पळवत होता, म्हणजे घरचाच माणूस हाताशी होता. पण त्याच्या नावापुढे उत्तर आलं, ‘नाही’. फोन टाळायला म्हणाला असणार, असं वाटून ती चिडली होती. शाळेत असल्यापासून त्याची हीच तऱ्हा. पुढे कामाच्या रगाड्यात त्याला विचारायचं राहूनच गेलं.

प्रिंटर थंड होईपर्यंत तिने स्वयंसेवकांचे फॉर्म चाळायला घेतले. टेलिफोनवाल्या काकांचा फॉर्म निम्मा कोरा होता. काका निवृत्त ऑपरेटर. खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे, आणि संस्थेने दिलेला हेडफोन त्यांनी पहिल्याच दिवशी खणात टाकला होता. फोन हातात धरल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“काका, चौथा प्रश्न सोडलात. तुम्ही हे काम का करता?”

“वाचला मी. समाजसेवा, अनुभव, प्रमाणपत्र, वेळ घालवणं. माझं यांत बसत नाही, मॅडम.”

“वेळ घालवणं, यावर करा की खूण.”

“वेळ माझा घरीही बरा जातो.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मी त्या ‘नाही’वाल्यांसाठी येतो.”

“कोण ‘नाही’वाले?”

“पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात ते. ‘हो’वाल्यांना घाई असते हो, त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर. पण ‘नाही’वाल्याला ‘धन्यवाद’ म्हटलं, तरी तो फोन ठेवत नाही. मग मीही ठेवत नाही. चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, मधे बोलायची सोय नव्हती. आता बोलतो.”

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली आणि मधेच उघडून तिच्यापुढे सरकवली. ती संतापली. इतकी दमलेली नसती तर आवाजही चढला असता.

“काका, असं करायचं नसतं. नियम आहेत याचे. परवानगी न घेता माणसांचं काही लिहून ठेवायचं नाही.”

“म्हणून तर फॉर्मवर नाही लिहिलं. आणि नाव एकाचंही नाही, बघा. नुसते क्रमांक.”

तिने बघितलं. अक्षर जुन्या वळणाचं, एका ओळीत एक माणूस. पाठ गेली, उभं राहवत नाही. बाळंतपण झालं, ॲपने जागा दुसरीला दिली. ग्राहकाने खोटी तक्रार केली, ॲपवरचं नाव बंद. स्कूटर चोरीला. नाव बंद. डोळा. नाव बंद. एकशे अठरा ओळी होत्या.

पानं उलटता उलटता तिचा हात मंदावला. जे पडले, दमले, ज्यांना काढून टाकलं, ते सगळे तिनेच पहिल्या प्रश्नाला दाराबाहेर उभे केले होते. आणि जे आत उरले त्यांना विचारलं होतं, काम कसं आहे? ते म्हणणारच, ठीक आहे. चार महिने खपून तिने हा पराक्रम केला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिने पहिलं पान काढलं.

‘क्र. १. तीनेक आठवडे काम नाही. वळणावर घसरला, गुडघा फुटला, तीन ऑर्डर पोचल्या नाहीत. नाव बंद. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी पिशवी लावून निघतो, पाण्याच्या टाकीमागच्या बागेत बसतो, मिळाल्या तर गाड्या धुतो. बायकोला सांगेन म्हणतो. मोठ्या बहिणीला नको म्हणतो, ती आधीच दमलेली असते. बोलताना दोनदा हसला.’

वरती तारीख होती. त्या तारखेला दोन महिने होऊन गेले होते. मधे भाऊ दोनदा जेवायला आला होता. गुडघ्याला काय झालं विचारल्यावर जिन्यावरून पडलो म्हणाला होता, आणि नीट बघून चालत जा की, असं तिने त्याला ऐकवलं होतं.

“मॅडम?” काका म्हणाले. “पाणी देऊ?”

तिने नको म्हणून मान हलवली. एवढ्यात सर पुन्हा आले.

“गेला का अहवाल?”

“नाही. पहिला प्रश्न चुकलाय.”

“चुकलाय म्हणजे?”

“ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनाच त्याने गाळलं. ब्याऐंशीला काही अर्थ नाही, सर.”

“आज सांगताय हे? चारशे फॉर्म भरून झाल्यावर?” सरांनी आवाज खाली आणला. “तुम्ही दमलाय. उद्या बोलू. आज आहे तो जाऊ दे.”

“दमलेय,” ती म्हणाली. “पण प्रश्न मी लिहिलाय, चुकलाय हे अहवाल मागवणाऱ्यांना मीच कळवीन. पुन्हा फोन करावे लागतील.”

सरांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि आता मी तिकडे काय तोंड दाखवू, असं पुटपुटत ते निघून गेले.

प्रिंटरने अर्धवट खाल्लेलं बत्तिसावं पान टेबलावरच होतं. तिने ते हाताने सपाट केलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर एक ओळ लिहिली. खाडाखोड करून पुन्हा लिहिली. मग मोबाइल उचलला. काका न सांगताच उठले आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेले.

“हं, ताई, पटकन बोल. ऑर्डर आहे हातात.”

मागे झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. एक पोर कुणाला तरी, अजून उंच, अजून उंच, म्हणत होतं.

“एक फॉर्म भरायचाय. आमच्या ऑफिसचा.”

“आत्ता?”

“एकच प्रश्न आहे.” तिने कागद जवळ ओढला आणि स्वयंसेवकांना शिकवला होता तशा सरळ आवाजात वाचला. “तुम्ही शेवटचं काम कधी केलं?”

झोपाळा कुरकुरत राहिला.

“मागे एक फोन आला होता मला,” तो म्हणाला. “म्हातारे होते कुणीतरी. तुमच्याकडचे होते?”

“आमच्याकडचे.”

झोपाळ्याची कुरकुर लांब गेली.

“आता कोण विचारतंय? ताई की ऑफिस?”

तिने पेनचं टोपण काढलं.

“ऑफिस.”

“मग लिहून घ्या,” तो म्हणाला.