तापाचा खरा आकडा

मी ताप मोजणारा थर्मामीटर बोलतोय. बोलतोय कसला, वैतागलोय! कारखान्यात मला गरम पाण्यात बुडवून तपासलं आणि खरा आकडा दाखवतो म्हणून डबीत घातलं. मत द्यायला मला कुणी शिकवलं नाही. त्यासाठी या घरात सासरे आहेत.

घरातली सून गणिताची शिक्षिका. पोरांना अर्धा मार्क फुकट देत नाही. तिला कॅन्सर झाला, केमो सुरू झाली. नर्सनं मला तिच्या हातात ठेवून बजावलं, "शंभराच्या वर गेला की लगेच फोन. वाट बघायची नाही."

पण सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, व्याख्यान सकाळच्या चहाबरोबरच सुरू. "आजार मनात असतो, सूनबाई. कुरकुर केली की वाढतो." स्वतःला साधी सर्दी झाली की हेच गृहस्थ घर डोक्यावर घेतात!

हिनं ते खरं मानलं. ताप आला म्हणजे आपण मनानं कमी पडलो. मग काय, मला तोंडात धरण्याआधी ही बाई फ्रीजमधलं पाणी प्यायची. मी मुकाट अठ्ठ्याण्णव दाखवायचो. अप्पा खूश. "बघ, मन खंबीर!" खंबीर कसलं, डोंबल!

पुढच्या केमोच्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना हे थंड पाण्याचं सांगून टाकलं; मी पर्समध्येच होतो. बाई रागावल्या नाहीत.

"तुमच्या वर्गातल्या मुलीला ताप आला, तर तिला मनानं कच्ची म्हणाल?"

"छे! डॉक्टरकडे पाठवीन."

"मग स्वतःला वेगळा नियम का? केमोनं पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्ग पटकन होतो. यात मनाचा काय दोष?"



आठवड्याभरानं, भर दुपारी तिला हुडहुडी भरली. पाणी न पिता तिनं मला जिभेखाली धरलं. एकशे दोन. लगेच दवाखान्यात फोन लावला.

"झालं सुरू रडगाणं?" अप्पा म्हणाले. "जरा मनाशी ठरव—"

"अप्पा, ठरवून ताप उतरत नाही. गाडी काढा."

संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांच्या तोंडावरच.

आज तिसरा दिवस. ती खाटेवर, सलाइन चालू, मी उशीजवळ. मघाशी अप्पा आले. "सूनबाई, जरा हसून—"

डोळे न पुसताच ती म्हणाली, "आज नाही हसणार. बसायचं तर बसा."

बसले.

वडीलधाऱ्यांनो, आजारी माणसाला शूर व्हायला लावू नका. घाबरलं असेल तर घाबरू द्या. तुम्ही चष्मा लावा आणि माझा आकडा वाचा.